इंजिनिअरांच्या संस्थेचं सभासद व्हा, पण पावती फाडून थांबू नका

सातव्या मजल्यावरच्या कॉलमचे (खांबांचे) २८ दिवसांचे क्यूब, म्हणजे त्याच काँक्रीटचे चाचणीसाठी भरलेले ठोकळे, ताकदीत कमी आले, तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. साइटवर दुसरा विषय नव्हता : कॉलम तोडायचे का? क्यूब भरताना हजर कोण होतं, याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मीच होते. त्याच आठवड्यात एका मैत्रिणीने मला इंजिनिअरांच्या एका संस्थेच्या व्याख्यानाला जवळजवळ ओढतच नेलं. विषय पाइल फाउंडेशनचा, म्हणजे जमिनीत खोल जाणाऱ्या खांबांच्या पायाचा होता, माझ्या कामाशी त्याचा संबंध नव्हता. पण नंतर चहाच्या टेबलापाशी एक निवृत्त कार्यकारी अभियंता उभे होते. धीर करून त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तीनच प्रश्न विचारले. क्यूब कोणत्या वारी भरले? साच्यातून कधी काढले? पाण्याच्या टाकीत कधी गेले?

शनिवारी संध्याकाळी भरले होते. रविवारी सुट्टी. सोमवारी दुपारी साचे उघडले, तोवर त्यांच्यावर ओलं पोतंसुद्धा नव्हतं, आणि महिना एप्रिलचा. ते म्हणाले, "मग क्यूब आजारी आहे एवढंच कळलंय. कॉलमचं अजून कुणालाच माहीत नाही. तोडायचं नाव काढू नका, आधी कोअर काढा." कोअर म्हणजे उभ्या काँक्रीटमधून कापून काढलेला दंडगोल. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात हे लिहिलेलंच आहे : किमान तीन कोअर, त्यांची सरासरी त्या ग्रेडच्या क्यूबच्या ताकदीच्या ८५ टक्के तरी हवी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या खाली नको. परीक्षेपुरतं मी ते वाचलंही होतं, पण वेळेवर आठवलं नाही. कोअर काढले, पास झाले, कॉलम उभे राहिले.

ते गृहस्थ माझे साहेब नव्हते, म्हणून मी त्यांना खरं सांगू शकले. माझ्या वार्षिक मूल्यमापनाशी त्यांचा संबंध नव्हता, कंत्राटदाराशी नव्हता, कन्सल्टंटशीही नव्हता. आपल्या पगाराशी ज्यांचा काही संबंध नाही अशा चार जाणत्या माणसांपर्यंत पोचायची वाट म्हणजे व्यावसायिक संस्था. बाकीचे फायदे आहेत आणि ते पुढे येतीलच, पण माझ्या मते पहिला फायदा हाच. खालचं सगळं मी तो कसा मिळवायचा, या दृष्टीने लिहिलं आहे.

ही कल्पना तरुणांचीच आहे, हेही सांगायला हवं. लंडनमधली इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्स २ जानेवारी १८१८ रोजी फ्लीट स्ट्रीटवरच्या एका कॉफी हाउसमध्ये सुरू झाली. जमलेले बहुतेक जण विशीतले होते. सुरुवातीला सभासद मिळेनात. दोन वर्षांनी, १८२० मध्ये, त्यांनी साठी उलटलेल्या थॉमस टेलफर्ड या नावाजलेल्या इंजिनिअरला अध्यक्ष व्हायची गळ घातली, आणि मग संस्था मार्गी लागली. म्हणजे ज्येष्ठांनी उभारलेल्या दालनात तरुणांना प्रवेश मिळाला असं झालं नाही. तरुणांनी दालन उभारलं आणि ज्येष्ठाला बोलावून आणलं.

आधी स्वतःला विचारा : मला नेमकं काय हवं आहे?

संस्था निवडायच्या आधी एका कागदावर उत्तर लिहा. एका वाक्यात येत नसेल तर पैसे भरू नका. साधारण चार गरजा असतात. एक, कामात अडलं तर विचारायला माणसं. दोन, विषयातलं नवं ज्ञान : जर्नल, व्याख्यानं, साइट भेटी. तीन, एखादी पदवी किंवा प्रमाणपत्र, म्हणजे पुढे चार्टर्ड इंजिनिअर वगैरे. चार, परदेशी जायचं असेल तर तिथे मान्य होणारी नोंद.

तिसऱ्या गरजेबद्दल थोडं थांबून बोलते, कारण इथे गैरसमज फार आहेत. वास्तुविशारदांसाठी आपल्याकडे १९७२ चा कायदा आहे. नोंदणीशिवाय 'आर्किटेक्ट' म्हणवून घेता येत नाही. इंजिनिअरांसाठी देशभर लागू असा कायदा नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला नकाशावर सही करायची तर महापालिकेकडे नोंद करावी लागते, ती वेगळी गोष्ट. त्यामुळे कुठल्याही संस्थेचं सभासदत्व हा 'परवाना' नाही. तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर बाजूला व्हा. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) देते त्या चार्टर्ड इंजिनिअर दर्जाचा उपयोग मात्र ठोस आहे : जुनी यंत्रसामग्री आयात करताना कस्टम्सला चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं, यंत्रांच्या मूल्यांकनातही लागतं. ज्यांना पुढे स्वतःची प्रॅक्टिस करायची आहे त्यांनी हे डोक्यात ठेवावं.

आणि 'एएमआयई', म्हणजे याच संस्थेची सभासदत्वाची परीक्षा. आपल्याकडे डिप्लोमा करून नोकरी करणाऱ्या हजारो मुलांनी रात्री अभ्यास करून ही परीक्षा दिली आणि पदवीधरांच्या बरोबरीने उभी राहिली. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण केंद्र सरकारने पदवीची समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत कायम नोंदणी झालेल्यांपुरती ठेवली. आज कुणी ही वाट धरत असेल तर ज्या नोकरीसाठी किंवा पुढच्या शिक्षणासाठी ती वापरायची आहे, तिथे मान्यतेबद्दल लेखी विचारून मगच पाऊल टाका.

मग संस्था निवडा : एक मोठी, एक आपल्या विषयाची

मोठी संस्था म्हणजे सर्व शाखांना घेणारी. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) १९२० मध्ये स्थापन झाली, १९३५ मध्ये तिला शाही सनद मिळाली, मुख्यालय कोलकात्यात. मुंबई, पुणे, नागपूर इथे तिची केंद्रं आहेत. १५ सप्टेंबरचा अभियंता दिन आपण १९६८ पासून साजरा करतो तो विश्वेश्वरय्यांच्या जन्मदिनी. पुण्यात शिकून मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागलेला आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारा हा माणूस आपल्याला परका नाही. त्या दिवशी बहुतेक केंद्रांवर कार्यक्रम असतो. पहिल्यांदा पाऊल टाकायला तो दिवस चांगला.

विषयाच्या संस्था अनेक आहेत. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटरवाल्यांसाठी आयट्रिपलई. मुंबई आणि पुण्यात तिचे स्वतंत्र विभाग आहेत. कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ ची, टेलिकॉमवाल्यांची आयईटीई १९५३ ची. काँक्रीटमध्ये रमणाऱ्यांसाठी इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूट, मातीत रमणाऱ्यांसाठी १९४८ ची इंडियन जिओटेक्निकल सोसायटी. एसी आणि रेफ्रिजरेशनमध्ये इशरे आणि अमेरिकेची ॲशरे. पाणीपुरवठ्यात काम असेल तर मुंबईत मुख्यालय असलेली इंडियन वॉटर वर्क्स असोसिएशन. नगरपालिका किंवा जीवन प्राधिकरणाच्या कामांवर असलेल्या तरुणांना ही संस्था माहीत नसते, आणि त्यांनाच तिचा उपयोग सर्वांत जास्त.

रस्ते आणि पुलांच्या लोकांना इंडियन रोड्स काँग्रेस सांगायला नको, त्यांच्या टेबलावर तिचे, म्हणजे आयआरसीचे, कोड (नियमपुस्तकं) पडलेलेच असतात. पण तिचा जन्म कसा झाला ते बहुतेकांना ठाऊक नसतं. १९२७ मध्ये सरकारने रस्त्यांसाठी समिती नेमली, अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या समितीच्या शिफारशींमधून डिसेंबर १९३४ मध्ये ही संस्था उभी राहिली. आज आपण पुलावर कोणता भार धरायचा ते ज्या आयआरसी ६ मध्ये बघतो, तो सभासदांच्या समित्याच लिहितात. आयएस ४५६ चं शेवटचं जोडपत्र उघडून बघा. समितीतल्या माणसांची आणि त्यांना पाठवणाऱ्या संस्थांची यादी छापली आहे. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा खूप वेळ त्याच पानावर होते. कोड आकाशातून पडत नाही, माणसं भांडून तो लिहितात, हे तोवर मला कुणी सांगितलंच नव्हतं.

निवडीची माझी कसोटी साधी आहे. नाव किती मोठं ते बघू नका, तुमच्या शहरातलं केंद्र किती जिवंत आहे ते बघा. गेल्या सहा महिन्यांत किती कार्यक्रम झाले? त्यात तिशीच्या आतले किती होते? पैसे भरण्याआधी दोन कार्यक्रमांना पाहुणे म्हणून जा. बहुतेक व्याख्यानं सर्वांना खुली असतात. दोन्ही वेळा तुमच्याशी कुणी आपणहून बोललं नाही, तर दुसरी संस्था शोधा. आणि 'आपली फेलोशिपसाठी निवड झाली आहे, अमुक रक्कम भरा' असे मेल येतात, ते सरळ पुसून टाका. खरी संस्था अर्ज मागते, पात्रता तपासते.

अर्ज : घाई नको

शिकत असाल तर विद्यार्थी सभासद व्हा. वर्गणी बरीच कमी असते आणि पदवीनंतर पुढच्या श्रेणीत जाताना काही संस्था सवलत देतात. शेवटच्या वर्षाला असाल तर निकालाच्या आधीच हे उरकून घ्या. कागदपत्रं नेहमीचीच : पदवी, गुणपत्रिका, ओळखपत्र, अनुभवाचा दाखला. नावाचं स्पेलिंग पदवी, पासपोर्ट आणि अर्ज या तिन्हीत एकच हवं. मुलींनो, लग्नानंतर नाव बदललं असेल तर हे आत्ताच ठरवा. पुढे परदेशी पडताळणीत याच एका गोष्टीवर महिने जातात.

काही अर्जांवर सूचक आणि अनुमोदक लागतात, म्हणजे जुन्या सभासदांच्या सह्या. ओळख नाही म्हणून बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका. केंद्राच्या मानद सचिवांना भेटा आणि तुम्ही काय काम करता ते सांगा. दोन कार्यक्रमांना पाहुणे म्हणून जाण्याचा हाही एक फायदा : चेहरा ओळखीचा झालेला असतो.

आजीव सभासदत्वाचा मोह होईल. सुरुवातीला एक-दोन वर्षांचंच घ्या. संस्था मानवली की मग आजीव.

कंपनीकडून वर्गणी मिळते का, हे जरूर विचारा. विचारायची रीत महत्त्वाची. 'मला सभासद व्हायचंय' असं म्हटलं तर साहेब हो-हो करून विसरतात. त्याऐवजी असं म्हणा : "सर, आपल्या प्रोजेक्टमध्ये डिवॉटरिंगचा, खड्ड्यातलं पाणी उपसायचा प्रश्न आहे, पुढच्या महिन्यात त्याच विषयावर कार्यशाळा आहे, सभासदाला फी कमी पडते. मी जाऊन येते आणि शुक्रवारी आपल्या टीमला अर्धा तास सांगते." शेवटचं वाक्य पाळा. एकदा पाळलं की पुढच्या वेळी विचारायची गरजही पडत नाही.

पहिले तीन महिने

इथेच सगळं ठरतं. कार्ड आलं, पाकिटात गेलं, वर्षाने वर्गणीची आठवण आली आणि 'काही फायदा नाही हो' असं म्हणून सोडून दिलं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. फायदा न होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच : माणूस गेलाच नाही.

महिन्यातून एक संध्याकाळ राखून ठेवा. पंधरा मिनिटं आधी पोचा, कारण वक्ते आणि कार्यकारिणीचे लोक तेव्हाच मोकळे असतात. शक्यतो पुढच्या तीन रांगांत बसा. एक वही ठेवा. वक्ता काय बोलला ते त्यात नंतर लिहिलं तरी चालेल. आधी आपल्याला पडलेला एक प्रश्न लिहा. प्रश्नोत्तरात उठून विचारायचा धीर नसेल तर चहाच्या वेळी विचारा. खरं बोलणं तिथेच होतं. स्लाइडवर सगळं यशस्वी असतं. 'आमचा पहिला पाइल सहा मीटरवर अडकला होता' हे हातात कप असतानाच कळतं.

आपली ओळख आधी पाठ करून ठेवा, तीन वाक्यांत : नाव, सध्या काय काम करतो किंवा करते, आत्ता कशात अडले आहे. तिसरं वाक्य सोडू नका. पदनाम ऐकून ज्येष्ठ मान डोलावतात, अडचण ऐकली की खुर्ची ओढून बसतात. दुसऱ्या दिवशी वक्त्यांना दोन ओळींचा मेल टाका आणि त्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट करून पाहिली असेल तर महिन्याने तेही कळवा. मी कोअरचे निकाल त्या गृहस्थांना फोन करून कळवले, आणि तेव्हापासून आमची ओळख खऱ्या अर्थाने सुरू झाली.

एक काळजी घ्या. कामाची अडचण सांगताना क्लायंटचं नाव, प्रोजेक्टचं नाव, ड्रॉइंग काहीही दाखवायचं नाही. माती, खोली, ग्रेड, हवामान एवढं पुरतं. नोकरीतला विश्वास मोडून मिळालेला सल्ला महागात जातो.

मुलींसाठी आणखी थोडं. कार्यक्रम संध्याकाळी सहा-साडेसहाला सुरू होतात आणि लांबतात. सभागृहात पन्नास माणसं असली तर आपण दोघी-तिघी. मला पहिलं वर्ष अवघड गेलं. मैत्रिणीबरोबर जायचं ठरवलं, सचिवांना स्पष्ट विचारलं की महिन्यातला एखादा कार्यक्रम शनिवारी सकाळी ठेवता येईल का. त्यांनी ठेवला आणि मुलींची संख्या वाढली. मागितल्याशिवाय कुणाच्या लक्षात येत नाही. आयट्रिपलईमध्ये महिला इंजिनिअरांचा वेगळा गट आहे, तिथे सुरुवात करणंही सोपं जातं.

मग काम मागा

माझ्या मते हा सर्वांत मोलाचा टप्पा आहे. तीन-चार कार्यक्रम झाले की सचिवांना सांगा, "मला काहीतरी काम द्या." नोंदणीचं टेबल, साइट भेटीची बस, वार्तापत्राचं मुद्रितशोधन, वक्त्यांना स्टेशनवरून आणणं. ही कामं कमी दर्जाची वाटतात, पण वक्त्यांना आणताना गाडीतला पाऊण तास मिळतो, आणि पाऊण तास अशा माणसाशी बोलायला एरवी किती वर्षं थांबावं लागेल? शिवाय साइटवर न मिळणारं शिक्षण इथे मिळतं. अंदाजपत्रक करणं, तीन ज्येष्ठांची मतं जुळत नसताना बैठक पुढे नेणं, ऐन वेळी प्रोजेक्टर बंद पडल्यावर सभागृह सांभाळणं. चूक झाली तर नोकरी जात नाही, म्हणून शिकायला मोकळीक असते.

कॉलेजात असाल तर याचं सर्वांत चांगलं रूप म्हणजे सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्सची भारतातली संस्था भरवते ती बाहा स्पर्धा. २००७ पासून इंदूरजवळच्या पीथमपूरला मुलं स्वतः बनवलेल्या गाड्या घेऊन येतात. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे संघ त्यात हिरिरीने उतरतात. वेल्डिंग, खर्चाचा हिशेब, प्रायोजकांचे उंबरठे झिजवणं हे सगळं एका वर्षात करावं लागतं. मुलाखतीत 'अपयश सांगा' म्हटल्यावर अशा मुलांना आठवावं लागत नाही.

साइट भेटीला जाताना सेफ्टी शूज आणि हेल्मेट स्वतःचं न्या, आणि एक प्रश्न घरूनच घेऊन जा. फोटो परवानगीशिवाय नाही.

वाचणं आणि लिहिणं

भारतीय मानक ब्युरोची मानकं आता त्यांच्या पोर्टलवरून विनामूल्य उतरवता येतात. नवं मानक किंवा दुरुस्ती यायची असते तेव्हा मसुदा अभिप्रायासाठी खुला होतो. त्यावर कुणीही लेखी सूचना पाठवू शकतं. पण एकट्याने पाठवण्यापेक्षा केंद्रातल्या पाच जणांनी बसून वाचलेला मसुदा वेगळाच कळतो. एखादं कलम आपल्या साइटवर का जमत नाही, हे लिहून पाठवायचं काम तरुणांचं आहे, कारण प्रत्यक्ष स्लॅबवर तेच उभे असतात.

वर्षभराने छोटं सादरीकरण मागून घ्या, पंधरा मिनिटांचं. विषय मोठा नको. 'आमच्या साइटवर काळ्या मातीत कंपाउंड वॉल का तडकली' एवढा पुरे. आधी कंपनीची लेखी परवानगी घ्या. शेवटच्या स्लाइडवर काय चुकलं ते लिहा. श्रोते तीच स्लाइड लक्षात ठेवतात.

परदेशी जायचं असेल तर

ऑस्ट्रेलियात स्थलांतरासाठी इंजिनिअरची पात्रता तपासते ती सरकारी कचेरी नव्हे, तर इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ही व्यावसायिक संस्था. बऱ्याच जणांकडून ती कामाचे सविस्तर अहवाल मागते. आखातातही असंच आहे. २०१८ मध्ये कुवेतमध्ये निवासाच्या नूतनीकरणासाठी तिथल्या इंजिनिअर सोसायटीचं ना-हरकत पत्र सक्तीचं झालं, आणि कॉलेजच्या अभ्यासक्रमाला एनबीएची (नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशनची) मान्यता नाही म्हणून वर्षानुवर्षं तिथे काम करणारे अनेक भारतीय इंजिनिअर अडकले. एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानणाऱ्या देशांच्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला, पण त्याचा लाभ एनबीएने त्या करारासाठी पात्र ठरवलेल्या अभ्यासक्रमांनाच. तुमच्या बॅचला ती मान्यता होती का, हे आजच कॉलेजकडून लेखी घेऊन ठेवा. आणि कार्यशाळा, साइट भेटी, सादरीकरणं यांची तारीखवार नोंद पहिल्या दिवसापासून करा. पाच वर्षांनी आठवून लिहायला बसलं तर निम्मंही आठवत नाही.

बायोडाटात नुसतं 'सभासद' लिहू नका. 'पुणे केंद्राच्या तीन साइट भेटींचं आयोजन, ४० सहभागी' असं लिहा. जे केलं नाही ते लिहू नका. हे क्षेत्र फार लहान आहे, मुलाखत घेणारा त्याच केंद्राचा निघतो.

नूतनीकरणाचा मेल आला की

त्या दिवशी वही उघडा. वर्षात किती वेळा गेलात, किती माणसांना आता सरळ फोन करू शकता, कामात वापरलेली एक तरी गोष्ट तिथून आली का? चारपेक्षा कमी वेळा गेला असाल तर आधी स्वतःचं वेळापत्रक बघा. नेमाने गेलात आणि तरी वही रिकामी असेल तर त्या केंद्रात जीव नाही. वर्गणी भरू नका, विषयाच्या दुसऱ्या संस्थेत जा. बदली होणार असेल तर सभासदत्व नव्या शहराच्या केंद्राकडे वळवून घ्या, आणि निघण्याआधी जुन्या सचिवांना विचारा, "तिथे कुणाला भेटू?" नव्या गावात खोली मिळायच्या आधी तो फोन करा.